पेचकस कोणाच्या हाती

(कोंढा, ता. पवनी, जि. भंडारा येथे परिसरातील बचतगटांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची पद्धत शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

संगणक कसा वापरायचा हे सांगणारे आता पुष्कळ झालेत. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, आपल्यातल्या कितीतरी जणींच्या लेकीसुना तिथे जाऊन आल्या. मी ते सांगायला उभी नाही. ती पेटी उघडायची कशी, तिच्या पोटात काय असतं, आणि सुटे भाग आणून आपण आपल्या हातांनी ती जोडू शकतो की नाही, याबद्दल मला बोलायचंय. आमच्या गटातल्या अकरा जणींनी ती जोडली. अकरा जणींत दोघी विडी वळतात, पाच जणी धानाच्या रोवणीला जातात, एकीचं शिवणकाम आहे. संगणक दुरुस्तीचा कोर्स केलेली आमच्यात एकही नाही.

हा खटाटोप कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर रांगेत आहे. २०२४ च्या जुलैत ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले तेव्हा आपण सगळ्या रांगेत होतो. पुढे २०२५ मध्ये ई-केवायसी आली, पुन्हा रांग. आधार दुसऱ्याच्या हातात, बँकेचं पासबुक दुसऱ्याच्या हातात, आणि मोबाईलवर आलेला ओटीपी आपण मोठ्यानं वाचून दाखवतोय, मागे उभ्या असलेल्या दहा माणसांना ऐकू जाईल असा! घरात नवऱ्यापासून लपवून ठेवलेली शिल्लक तिथे मात्र उघडी. काम करून देणारा मुलगा चांगला असेल, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याच्या चांगुलपणावर आपलं सगळं अवलंबून का असावं?

गटाकडे एक जुना संगणक होता. तो बंद पडला. दुरुस्तीला दिला, अडीच महिन्यांनी परत आला, सोबत बिल. बिलावर लिहिलेलं होतं ‘दुरुस्ती’, बस. काय बदललं, जुना भाग कुठे गेला, विचारलं तर उत्तर आलं, ‘ताई, तुम्हाला ते समजणार नाही.’ पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा बंद. तेव्हा आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, ‘समजत नाही म्हणते ना तो? मंग समजूनच घेऊ.’ निर्णय तिथेच झाला.

घरोघरी प्रतिक्रिया काय आल्या त्या तुम्हाला सांगायला नकोत. करंट लागेल. जळून जाईल. पैसे पाण्यात जातील. गंमत बघा, गॅसचं सिलिंडर बदलताना, रेग्युलेटर बसवताना ‘तुला जमेल का’ असं कोणी विचारत नाही. ते काम चुकलं तर घर उडेल, तरी ते बाईचं. शिवणयंत्राचं शटल काढून, तेल घालून, परत बसवणारी बाई ‘मशीनमधलं कळणारी’ ठरत नाही. पेचकस मात्र पुरुषाचा. यंत्र धोक्याचं किंवा अवघड असतं म्हणून ही वाटणी झालेली नाही. ज्या कामाला पैसा आणि मान आहे ते कोणाचं, एवढाच हा प्रश्न आहे.

संगणकाच्या इतिहासातही हेच झालंय. इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द आधी माणसासाठी होता, आकडेमोड करणाऱ्या नोकरदारासाठी, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत त्या नोकरीत बायकाच भरलेल्या होत्या. १९४६ मध्ये एनिॲक नावाचं खोलीभर पसरलेलं यंत्र जगाला दाखवण्यात आलं, तेव्हा त्याच्याकडून गणितं करवून घेण्याचं काम सहा तरुण मुलींनी केलेलं होतं: के मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. हजारो तारा आणि बटणं त्या हातांनी जोडत होत्या. समारंभानंतरच्या मेजवानीला मात्र त्यांना बोलावणं नव्हतं. पुढची कित्येक वर्षं छायाचित्रात त्या नुसत्या उभ्या होत्या, नावाविना.

दुसरी गोष्ट तर आपल्या पवनीच्या कोष्ट्यांना ऐकवावी अशी आहे. माणूस चंद्रावर गेला, १९६९ साली, त्या अपोलो यानातल्या संगणकाची स्मृती विणलेली होती. मी उपमा देत नाहीये, खरोखर विणलेली. मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात बायका बारीक तार लोहचुंबकी कड्यांतून ओवत. तार कडीच्या आतून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. एक टाका चुकला तर हिशेब चुकला. त्या बायकांत कापडगिरणीतून आलेल्या होत्या. आपल्याकडे मागावर बसून नक्षी मोजणाऱ्या बाईला हे काम नवीन वाटलं नसतं. आज मलेशियात, फिलिपाइन्समध्ये चिपच्या कारखान्यांत ओळीनं बसलेले हात बऱ्याच अंशी बायकांचेच आहेत. म्हणजे यंत्र बनवताना बाईचे हात चालतात, ते उघडताना चालत नाहीत!

आता मुद्द्यावर येते. संगणक घरी जोडता येतो तो का? १९८१ मध्ये आयबीएम कंपनीनं आपला छोटा संगणक काढला तो बाजारात मिळणारे भाग घेऊन, आणि त्याची रचनाही जाहीर केली. मग इतरांनी तसेच बनवले. भागांची मापं, भोकं, खाचा ठरून गेल्या. म्हणून आज एका कंपनीचा बोर्ड, दुसरीची रॅम, तिसरीचा डबा एकमेकांत बसतो. आपल्याकडे ‘असेंबल्ड’ संगणक म्हणतात तो हाच. टीव्ही असा जोडता येत नाही, मोबाईल तर नाहीच नाही.

खरेदीला आम्ही चौघी नागपूरला गेलो, सीताबर्डीला. २०२५ चा उन्हाळा होता. यादी घरूनच करून नेली होती. प्रोसेसर इंटेलचा आय-थ्री १२१००. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला नको, हे आम्ही आधीच ठरवलं होतं, कारण त्यात चित्र उमटवण्याची सोय नसते आणि वेगळं ग्राफिक कार्ड घ्यावं लागतं. दुकानदारानं तोच पुढे केला, थोडा स्वस्त पडतो म्हणून. आम्ही नको म्हटल्यावर त्यानं आमच्याकडे जरा नीट बघितलं. बोर्ड एच ६१० जातीचा. तो घेताना दोन गोष्टी पाहिल्या. एक म्हणजे रॅम डीडीआर-४ ची लागते की डीडीआर-५ ची. दोन्हींच्या खाचा वेगळ्या जागी असतात, एक दुसरीत बसत नाही. दुसरी म्हणजे आमच्या जुन्या मॉनिटरची व्हीजीए वायर लावायला मागे जागा आहे का. ती होती, म्हणून मॉनिटरचे पैसे वाचले. बाकी आठ जीबी रॅम, पाचशे जीबीची एसएसडी, साडेचारशे वॅटचा एसएमपीएस, कॅबिनेट, कीबोर्ड, माउस आणि एक यूपीएस. सगळं मिळून एकोणतीस हजारांच्या आसपास, अठरा टक्के जीएसटी धरून. त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना स्मृती हवी म्हणून कारखाने तिकडे वळले, आणि झळ कोंढ्यापर्यंत. आज जाल तर आधी भाव काढा.

बिल गटाच्या नावानं घ्या. भागांचे क्रमांक त्यावर लिहून घ्या. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्या, त्यावर कंपनीची तीन वर्षांची हमी असते, सुट्यावर ती मिळेलच असं नाही. ‘दुरुस्ती’ एवढाच शब्द लिहिलेलं बिल आम्ही एकदा पाहिलंय.

जोडणीचा दिवस. लाकडी टेबल घेतलं, त्यावर सुती कापड. त्या दिवशी नायलॉनच्या साड्या नकोत असं ठरलं होतं. हिवाळ्यात अशी साडी उतरवताना चटचट आवाज येतो ना, ती स्थिर वीज. आपल्याला ती नुसती टोचते, पण चिप मरू शकते. म्हणून भाग हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा.

पहिलं काम सगळ्यात नाजूक. बोर्डावर प्रोसेसरची चौकट असते, तिच्यात सतराशे बारीक टोकं उभी असतात, मुंगीच्या पायासारखी. एक वाकलं तरी बोर्ड गेला. प्रोसेसरच्या कोपऱ्यात छोटा त्रिकोण असतो, तो चौकटीच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. हे कोण करणार? सगळ्यांनी विडी वळणाऱ्या बाईकडे बघितलं. जिची बोटं हजाराच्या हिशेबानं पान कापून, तंबाखू भरून, तोंड मुडपतात, तिच्याइतका हलका हात आमच्यात कोणाचा? तिनं तो ठेवला, आणि आम्ही श्वास सोडला. नंतरचा खटका मात्र जोरात दाबावा लागतो, कुरकुर आवाज होतो, काळं प्लास्टिकचं झाकण आपोआप उडून बाहेर येतं. त्यानं घाबरू नका, तसंच व्हायचं असतं.

मग रॅम, दोन्ही टोकांना ‘टक्’ ऐकू येईपर्यंत. एसएसडी तिरपी घालून एका स्क्रूनं आडवी करायची. पंख्याच्या बुडाला करडा लेप लावलेला येतो, त्याला बोट लावायचं नाही. पंख्याचे चार पाय समोरासमोरचे दाबत जायचं, पाळण्याच्या दोऱ्या ओढतो तसं. नाहीतर एक बाजू उचलते.

कॅबिनेटमध्ये बोर्ड थेट पत्र्यावर ठेवत नाहीत. खाली छोटे पितळी खुंट असतात, त्यांवर तो उभा राहतो. पितळ म्हटल्यावर आपल्या भंडाऱ्याच्या बाईला ओळख सांगायला नको. बोर्डाला जितकी भोकं, तितकेच खुंट, आणि बरोबर त्याच जागी. एखादा जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होऊ शकतो. शिवणकाम करणारी आमची बाई आधी कागदावर बोर्डाचं माप उतरवून घेऊन बसली होती, ब्लाउजचं घेतात तसं. तिचं माप चुकलं नाही. शेवटी वायरी: चोवीस टोकांची मोठी, आणि वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची वेगळी, चार-चार टोकांची. ही दुसरी दडलेली असते, शोधून लावावी लागते.

पण बटण त्या दिवशी आम्ही दाबलं नाही. खोलीतल्या बोर्डाच्या तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. मैत्रिणींनो, हे नीट ऐका, कारण आपल्या अर्ध्याअधिक घरांत हेच असेल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात, कोणी म्हणतं ‘मशीनच तशी आहे’. मशीन तशी नसते, अर्थिंग नसतं. वीजपुरवठ्याच्या पेटीतून थोडी गळती पत्र्याकडे जाते, ती जमिनीत उतरायला वाट हवी. ती नसली की आपण अनवाणी, ओल्या फरशीवर, वाट बनतो. कूलरचा धक्का बसून माणसं मेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतोच ना? आम्ही वायरमन बोलावला, कोळसा-मीठ घालून खड्डा करवून घेतला, टेस्टर लावून दाखव म्हटलं. चार दिवस गेले. जाऊ दे.

मग बटण. पंखा फिरला, पडदा काळा. दारात गावातली पोरं जमली होती, हसायला टपलेली. नवा बोर्ड पहिल्यांदा रॅमची ओळख करून घेतो, त्याला वेळ लागतो, हे वाचलेलं होतं म्हणून आम्ही हललो नाही. वाट बघितली. अक्षरं आली.

विंडोजचा परवाना विकत घ्यावा लागतो आणि चोरून टाकायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून लिनक्स टाकलं. फुकट आहे, मराठीत चालतं. देवनागरी इनस्क्रिप्टची कळफळी शिकायला आम्हाला महिना लागला, पण आता गटाचं रोजकीर्द, कर्जाची नोंद, ग्रामसभेचे अर्ज आमचे आम्ही टंकतो. सगळीच कामं इथे होतात असं मी म्हणणार नाही. अंगठ्याची ओळख लागते तिथे अधिकृत केंद्रातच जावं लागतं.

खरं भांडण नंतर झालं. संगणक चालतो म्हटल्यावर तो कोणाच्या घरी ठेवायचा यावर दोन सभा गेल्या. ‘आमच्या घरी ठेवा, पोरगा सांभाळेल’ असं तिघींच्या घरून निरोप आले. पोरगा सांभाळेल म्हणजे काय होतं ते आपण जुन्या संगणकावर बघितलं होतं. शेवटी तो गटाच्या खोलीतच राहिला. किल्ल्या दोन, वेगवेगळ्या वस्तीत. पासवर्ड तिघींना माहीत. कोणी किती वेळ बसलं याची वही आहे, आणि लेकी, नातवंडं कोणी आलं तरी सोबत गटाची एक बाई हवी, हा नियम. नियमावर अजून कुरबुर चालते.

दर दिवाळीआधी आम्ही तो उघडतो. मळणीच्या दिवसांत धानाचा भुसा पंख्यात अडकतो, मऊ ब्रशनं झाडावा लागतो.

आत्ताही तो इथे आणलाय. झाकण काढून ठेवलंय, वीज बंद आहे, वायर काढलेली आहे. तिघी-तिघी करून पुढे या, आधी पत्र्याला हात लावा, मग रॅम काढून परत बसवून बघा. मागच्या बाकावरच्या आजी, तुम्ही आधी या.