परतीच्या वाटेवरचा उजेड

(लातूर येथील पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



‘हॅलोविन हे भुताखेतांचे खूळ आमच्या लातूर-नांदेडच्या शाळांत कशाला?’ असा प्रश्न आताच एका पालकांनी विचारला. त्यांचा रोष मी समजू शकतो. परंतु जे नाकारायचे, ते मुळात काय आहे हे आधी जाणून घ्यावे.

आयर्लंडमध्ये उन्हाळी कुरणांतून गुरे घरी आणून हिवाळ्याची बेगमी करण्याच्या संधिकाळी एक प्राचीन सण होत असे. त्या रात्री परलोकाचे दार किलकिले होते, अशी श्रद्धा होती. ही माहिती आपल्यापर्यंत पोचली ती पुढील काळातील ख्रिस्ती मठवासीयांच्या लेखनातून. त्यामुळे मूळ विधींविषयी छातीठोकपणे बोलणाऱ्यांपासून सावध असावे. नवव्या शतकात चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस रूढ केला. त्याची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोविन. २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा. गरिबांनी दारोदार जावे, त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करावी आणि बदल्यात गोड पाव घ्यावा, अशी इंग्लंडात रीत होती. १८४० च्या दशकातील दुष्काळात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेस गेले. तेथे सलगमाच्या कोरीव दिव्याची जागा भोपळ्याने घेतली. पुढे बाजाराने पितर वगळले आणि भुते तेवढी ठेवली!

आता आपल्याकडे पाहा. जवळपास याच दिवसांत, आश्विन अमावास्येच्या प्रदोषकाळी, आपल्या धर्मग्रंथांनी उल्कादान सांगितले आहे. महालयात घरी आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून पेटते पलिते उंच धरायचे. मराठवाड्यातील खेड्यांत गुराखी पोरे लव्हाळ्याच्या दिवट्या घेऊन, गाणी म्हणत घरोघर गुरे ओवाळायला जात. बाया त्यांना तेल, पैसे देत. दारोदार फिरणारी मुले आपल्याला नवी नाहीत. त्या दिवट्या आज किती गावांत दिसतात?

आणि पितरांविषयी या जिल्ह्याला मी काय सांगावे? ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन करून झोपी गेलेली किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे पहाटे चारच्या सुमारास कोसळली. पितृपक्ष दाराशी होता. सुमारे दहा हजार माणसे गेली; काही घरांत पाणी द्यायलाही कोणी उरले नाही. ज्यांना कोणीच नाही, अशांसाठीही तर्पणात एक ओंजळ आहे. सर्वपित्रीला ती ओंजळ आपल्यापैकी कितीजण सोडतात, हे मी विचारणार नाही. मलाही ती पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हती.

शाळेला पत्र जरूर लिहा. मात्र त्याआधी एकदा मुलाला पणजोबांचे नाव विचारा. मी माझ्या नातवाला विचारले. त्याला सांगता आले नाही. आणि मग ध्यानात आले की ते मीच त्याला कधी सांगितले नव्हते.