संततिनियमन : हिशेब कोणाचा, हक्क कोणाचा?



संततिनियमनाचा विषय निघाला की लगेच लोकसंख्येचे आकडे पुढे केले जातात. माणसे किती, धान्य किती, जमीन किती, असा तो हिशेब असतो. जिच्या देहावर हे सारे घडते, ती स्त्री मात्र या हिशेबात कोठेच नसते. समाजवादी कार्यकर्त्याने या प्रश्नाचा विचार तिच्यापासूनच सुरू केला पाहिजे.

महाराष्ट्रात तसा आरंभ फार पूर्वी झाला आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी १९२५ साली त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ साली सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात ठराव आणला : संततिनियमनाचा प्रचार सरकारने करावा आणि त्याच्या सोयी लोकांना उपलब्ध करून द्याव्यात. ठराव फेटाळला गेला. पण मागणी काय होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मागणी होती ज्ञानाची आणि सोयींची, सक्तीची नव्हे.

पुढे १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला खरा, पण त्यातून स्त्रीचा हक्क हळूहळू गळून पडला आणि अधिकाऱ्याचे उद्दिष्ट तेवढे उरले. आणीबाणीत त्याचे भीषण रूप दिसले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली ज्या विधिमंडळाने संमत केले, ते महाराष्ट्राचेच होते. ते विधेयक अमलात आले नाही, एवढेच समाधान.

या जुलमाची किंमतही अखेर स्त्रियांनीच मोजली. पुरुषांच्या रोषाला भ्यालेल्या यंत्रणेने आपला मोर्चा स्त्रियांकडे वळविला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दर हजार विवाहित स्त्रियांमागे ३७९ जणींची स्वतःची शस्त्रक्रिया झालेली होती. पतीची झालेली होती अशा स्त्रिया हजारामागे अवघ्या तीन. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची असते. छत्तीसगढमधील बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्या दिवसांतील तेथील शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. अशी शिबिरे बंद करा, असे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

दुसरे चित्र बीड जिल्ह्यातले. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाची उचल अंगावर असते. एक दिवस काम चुकले की खाडा भरावा लागतो. फडात शौचालय नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही. अंगावरच्या दुखण्यावर वेळीच साधा उपचार होत नाही, आणि मग गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. राज्याच्या समितीने २०१९ साली पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. जिथे आरोग्यसेवा नाही तिथे शस्त्रक्रिया मात्र आहे, ही कसली निवड?

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. गोळ्या, तांबी, निरोध आणि नसबंदी यांची खरी माहिती व सोय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर मिळाली पाहिजे. हंगामात ती फडापर्यंत गेली पाहिजे. १९७१ च्या कायद्याने सुरक्षित गर्भपाताची वाट खुली झाली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच अधिकार असल्याचे सांगितले. सज्ञान स्त्रीला त्यासाठी पतीची संमती कायद्याने लागत नाही, हे किती गावांत ठाऊक आहे? ते सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

मजुरीचा दर, कामाचे तास आणि रेशन यांसाठी मोर्चे निघतात. मूल केव्हा व्हावे आणि होऊ द्यावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्याच मागणीपत्रात लिहिला गेला पाहिजे. कष्टकरी स्त्रीचा देह तिच्या मालकीचा नसेल, तर तिच्या श्रमाच्या मुक्तीच्या गोष्टी पोकळच ठरतील.