माशांचे घर आणि माणसाचा हात

एखाद्या नदीची प्रकृती बिघडली आहे किंवा कसे, हे ठरवावयाचे असता आपण बहुधा बाटलीभर पाणी प्रयोगशाळेकडे रवाना करतो आणि तेथून आलेला दाखला प्रमाण मानतो. परंतु वाहत्या पाण्याचा तो दाखला त्या घटकेपुरताच खरा असतो, आणि माशाला तर पाण्याखेरीज तळाचे गोटे, काठची सावली, डोहाची खोली व खळाळाची गती हीही हवी असतात.

महाशीराचेच पाहा. पुण्याच्या पूर्वेस सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेत सापडलेल्या ज्या माशाचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले, तो खुद्री महाशीर आपली अंडी वाहत्या पाण्यात सोडतो. ती चिकट नसल्याने खडेगोट्यांच्या फटींत उतरतात, आणि तेथे खेळणाऱ्या स्वच्छ, प्राणवायुयुक्त पाण्यावरच त्यांचे जीवित अवलंबून असते. वरचा डोंगर उघडा पडून माती वाहून आली, अथवा वाळू उपसताना गाळ ढवळला गेला, की त्या फटी बुजतात आणि सबंध पिढी तळाशीच गुदमरते. धरणाची हानी निराळी: खालचे पात्र आटते, वरचे खळाळ बुडून संथ जलाशय होतो, आणि १९५२ साली या देशात आणलेला तिलापिया हा परका मासा तेथे सुखाने वाढतो.

या हानीचे मोजमाप माशांवरूनच होऊ शकते. अमेरिकेतील जेम्स कार यांनी १९८१ साली मांडलेल्या पद्धतीत बारा कसोट्या आहेत: जाती किती, दूषित पाणी न सोसणाऱ्या कोणत्या उरल्या, रोगट मासे किती, आणि प्रत्येक कसोटीस एक, तीन वा पाच गुण. हे गुण त्याच मुलखातील, तेवढ्याच आकाराच्या, माणसाचा उपद्रव फारसा न पोहोचलेल्या ओढ्याशी ताडून द्यावयाचे असतात, हेच या पद्धतीचे मर्म होय.

असा ओढा आपण कोठून आणावा? महाडनजीक काळ नदीवरील वाळणकोंडीचा डोह वरदायिनी देवीच्या नावाने राखलेला आहे. तेथील मासे कोणी मारीत नाही. श्रद्धेने जपलेले असे डोह मला शास्त्रदृष्ट्याही अमोल वाटतात, मात्र देवीचा धाक जाळे अडवितो, वरून येणारा गाळ अडवीत नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे.

म्हणून वाळूचा लिलाव पुकारण्यापूर्वी त्या टापूतील डोह, खळाळ, गोटे व मासे यांची नोंद दप्तरी व्हावी, आणि ती करताना काठच्या भोई-कोळ्यांची जबानी अवश्य घ्यावी, एवढी माझी संबंधित अधिकाऱ्यांस विनंती आहे.