प्रोसिडिंग उठण्याआधी वाचा

(हिवाळी व्याख्यानमालेत डहाणू तालुक्यातील रानशेत येथे दिलेले व्याख्यान)



भाताची झोडणी उरकली आहे, लग्नसराई अजून लांब आहे. पुढची मोठी तारीख २६ जानेवारीची, ग्रामसभेची. म्हणून मी आजचा विषय ग्रामसभेचाच घेतला. ग्रामसभेला कोणकोणते हक्क आहेत, हे तुम्हाला अनेकांनी सांगितलं असेल. मला त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. सभेत माणूस उभा राहून प्रश्न विचारतो, कर्मचारी उत्तर देतात. त्या प्रश्नाचं आणि त्या उत्तराचं पुढे काय होतं?

आपल्या भागात कुठल्याही ग्रामपंचायतीत घडतो असा प्रसंग घ्या. शाळेच्या वऱ्हांड्यात सभा भरली आहे. लांबच्या पाड्यावरची एक बाई उभी राहते. "भाऊसाहेब, नळ बसवून दोन पावसाळे गेले. तोटीला पाणी कधी येणार?" भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, म्हणतात, "मावशी, ते काम ग्रामीण पाणीपुरवठ्याचं आहे. टाकीची टेस्टिंग बाकी आहे. मार्चपर्यंत होऊन जाईल." मावशी खाली बसते. प्रश्न नेमका होता, उत्तरही नेमकं मिळालं. आता चार दिवसांनी प्रोसिडिंगची, म्हणजे इतिवृत्ताची, वही उघडा. त्यात ओळ असते : "पाणीपुरवठ्याबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली." कोणी विचारलं, ते नाही. कुठल्या पाड्याचा नळ, ते नाही. काम कुठल्या खात्याकडे अडलंय, ते नाही. आणि मार्चचा शब्द तर कुठेच नाही. मार्च उलटला, एप्रिल-मेची टंचाई आली आणि मावशी पुन्हा उभी राहिली, तर तिच्या हातात धरायला काही नाही. तिला प्रश्न पहिल्यापासून विचारावा लागतो, आणि उत्तरही पहिल्यापासूनच मिळतं.

हे कसं होतं, ते वहीतच दिसतं. सभा सुरू होण्याआधी रजिस्टर फिरतं. निळ्या शाईचं पॅड असतं, सह्या होतात, अंगठे उमटतात. मजकूर नंतर लिहिला जातो, कधी त्याच संध्याकाळी, कधी आठवड्याने. म्हणजे अंगठा आधी आणि मजकूर मागाहून. तरीही कायद्याच्या नजरेत तो मजकूर अंगठा देणाऱ्याचाच. अजेंड्यावरचा पहिला विषय कायम ठरलेला असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. पहिला विषय "वाचलं असं धरू" म्हणून मिनिटभरात संपतो. लोकांचे सगळे प्रश्न शेवटच्या विषयात ढकलले जातात, तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते. जिथे आपलं बोलणं तपासायचं, ती जागा आपण सोडून देतो, आणि जिथे बोलायचं, तिथे ऐकायला कोणी उरत नाही.

मी इथे कर्मचाऱ्यांवर राग काढायला उभा नाही. २०२४ मध्ये शासनाने ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी' हे पदनाम दिलं, पण कामाचा डोंगर होता तेवढाच आहे. नमुना १ ते ३३ ही दप्तरं, दाखले, घरपट्टी, वित्त आयोगाची ऑनलाइन नोंद, आणि पुष्कळदा एकाच माणसाकडे दोन ग्रामपंचायतींचा कार्यभार. शिवाय त्याला विचारलेल्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्याच्या हातात नसतंच. वीज महावितरणची, मोठा रस्ता बांधकाम खात्याचा, जंगल वनखात्याचं, योजना जिल्हा परिषदेची. तो सांगतो ते वरून ऐकलेलं असतं. पण म्हणूनच ते लिहिलं जायला हवं. "टेस्टिंग बाकी आहे, हे अमुक खात्याने कळवलं" असं वहीत आलं, की ओझं त्याच्या डोक्यावरून उतरतं आणि ज्याचं काम त्याच्या दारात जातं. नीट लिहिलेलं प्रोसिडिंग प्रामाणिक कर्मचाऱ्याचंही संरक्षण करतं.

आता त्या वहीच्या ओळीला आपल्या भागात वजन किती, ते बघा. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीने १९९५ मध्ये अहवाल दिला आणि २४ डिसेंबर १९९६ रोजी अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा आला. महाराष्ट्राने त्याचे नियम ४ मार्च २०१४ रोजी काढले. या कायद्याच्या चौथ्या कलमात दोन गोष्टी आहेत, ज्या मला सगळ्यात मोलाच्या वाटतात. गावाच्या विकासाच्या योजना सुरू करण्याआधी ग्रामसभेची मान्यता लागते, ही पहिली. आणि पंचायतीने त्या योजनांवर पैसा खर्च केला, की तो ठीक खर्च झाल्याचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावं लागतं, ही दुसरी. वित्त आयोगाचा बंधित-अबंधित निधी असो किंवा एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने पेसा गावांना थेट मिळू लागलेला ५ टक्के अबंध निधी असो, पैशाच्या या व्यवहारात शेवटची मान गावाने हलवायची आहे. आता विचार करा. वहीत वर "या पाड्याच्या तोटीला पाणी आलेलं नाही" असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर त्याच वहीत खाली "काम पूर्ण, खर्च योग्य" असा ठराव लिहिताना पेन अडखळेल. वर "सविस्तर चर्चा झाली" एवढंच असेल, तर काहीच अडखळणार नाही. जलजीवन मिशनचं वचन माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं आहे. ते पुरं झालं की नाही, हे तोटीखाली हंडा लावणाऱ्या बाईइतकं कोणाला ठाऊक?

कोणी म्हणेल, आपली माणसं पूर्वी वह्या न ठेवताही लढली. खरं आहे. मे १९४५ मध्ये तलासरीच्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी सांगितलं आणि लोकांनी ठरवलं, की वेठ करायची नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी त्या सभेनंतर ताठ उभा राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती गेले, तरी लोक मागे हटले नाहीत. त्या ठरावाला कागद लागला नाही, कारण तो पाळणं लोकांच्या स्वतःच्या हातात होतं. सकाळी सावकाराच्या शेतावर जायचं नाही, झालं. आजच्या आपल्या मागण्या वेगळ्या आहेत. पाणी, दाखला, डॉक्टर, रस्ता, वनहक्काचा दावा, हे सगळं कुठल्या ना कुठल्या कार्यालयाने करायचं आहे, आणि कार्यालय कागद ओळखतं.

सभेतलं बोलणं कसं लिहावं, याचा नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. उद्योग किंवा बंदर यायचं असेल, तर १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणाची जनसुनावणी घ्यावी लागते. त्या अधिसूचनेत बारीक अक्षरात एक उत्तम नियम आहे. सुनावणी संपताना, लोकांनी काय काय मांडलं त्याचा गोषवारा तिथेच, लोकांसमोर, त्यांच्या भाषेत वाचून समजावून सांगायचा, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने त्यावर त्याच दिवशी सही करायची. शिवाय लोकांचे मुद्दे आणि त्यांवर प्रकल्पवाल्याचं म्हणणं, असं दोन्ही मिळून एक निवेदन स्थानिक भाषेतही तयार करायचं.

वाढवण बंदराची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरला झाली. फेब्रुवारीत पर्यावरणाची मंजुरी मिळाली, जूनमध्ये ७६ हजार २२० कोटींच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, ३० ऑगस्टला भूमिपूजन झालं. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि दागिन्यांचे साचे घडवणारे डायमेकर वर्षानुवर्षं विरोध करत आले होते. म्हणून तुमच्यातलं कोणी मला विचारेल, की बोललेलं लिहिलं गेलं तरी झालं काय? हा प्रश्न मी टाळणार नाही. नुसत्या लिहिण्याने बंदर थांबत नाही. पण मासेमारीचं काय, विस्थापितांचं काय, रोजगार कोणाला, या प्रश्नांना प्रकल्पाने जे उत्तर दिलं, ते लेखी वचन झालं. उद्या ते मोडलं, तर न्यायालयात तोच कागद उघडायचा आहे. आणि लिहिलेल्या ठरावाने प्रकल्प थांबल्याचंही उदाहरण आहे. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानुसार १२ ग्रामसभा झाल्या. प्रत्येक सभेला न्यायिक अधिकारी निरीक्षक म्हणून हजर होते. बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, आणि त्यानंतर केंद्राने परवानगी नाकारली. तिथे लोक काय म्हणाले, यावर नंतर वाद घालायला जागाच ठेवलेली नव्हती.

डहाणूला तर या बाबतीत जुनी परंपरा आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्याचं पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं. वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये फेटाळला. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राने धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवावी, हा आदेशही तिथूनच निघाला. लोकांचं म्हणणं कागदावर आलं आणि ते वाचणारा माणूस समोर बसलेला असला, म्हणजे काय होऊ शकतं, हे या तालुक्याने पाहिलं आहे.

आता जरा रस्त्याने खाली डहाणू शहरात येऊ, कारण मला सर्वांत जास्त काळजी तिथली वाटते. रानशेतचा मुलगा नोकरीसाठी डहाणूत खोली घेतो, तिथे मतदार होतो. गावात त्याला ग्रामसभेत उभं राहून बोलण्याचा हक्क होता. शहरात तो हक्क नाही. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा बघायला बसता येतं, पण बोलायचं नगरसेवकांनी. २०२५ च्या डिसेंबरमध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी काही वर्षं, डहाणूसह राज्यभर, मुदत संपलेल्या नगरपरिषदांवर प्रशासक होते. त्या काळात प्रश्न विचारणारा निवडलेला माणूसच सभागृहात नव्हता. प्रस्ताव कार्यालयाने मांडायचा आणि मंजुरीही कार्यालयानेच द्यायची.

याचं मूळ संविधानाच्या एका कलमात आहे. २४३ झेडसी हे कलम सांगतं, की नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. संसदेने योग्य ते बदल करून वेगळा कायदा करायचा आहे. गावांसाठी तसा कायदा म्हणजे पेसा. शहरांसाठीचं विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. तलासरी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, तेव्हा पथदिवे आणि निधी यांची चर्चा झाली असेल. पण त्याच दिवशी तिथल्या आदिवासी मतदाराच्या हातून ग्रामसभा गेली, आणि तिच्या जागी त्याला काहीच मिळालं नाही. महाराष्ट्राने २००९ मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली होती. मतदान केंद्रांच्या आसपासच्या मतदारांनी एकत्र बसावं, प्रश्न मांडावेत, अशी ती कल्पना. ती कागदावरच राहिली. डहाणूत डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत नवे नगरसेवक निवडून आले. डहाणू-तलासरीतल्या आपल्या नातलगांना सांगा, की मत मागायला आलेल्यांकडे आता क्षेत्रसभा मागा.

आता आपल्याकडचं बोलतो. मला वाटतं, सभेत एक माणूस फक्त प्रश्न लिहायला बसवावा, शाळेत शिकलेली कुठलीही मुलगी चालेल. विचारणाऱ्याचा पाडा, त्याच्याच शब्दांतला प्रश्न, मिळालेलं उत्तर, कोणत्या खात्याचं काम आणि कोणती तारीख, एवढं तिने उतरवावं. सभा उठण्याआधी भाऊसाहेबांनी प्रोसिडिंग लिहून मोठ्याने वाचावं, आणि वारलीत कोणीतरी समजावून सांगावं. मुलीच्या कागदाशी ते ताडून बघावं, चुकलेलं तिथेच दुरुस्त व्हावं, आणि सह्या-अंगठे त्यानंतर. पान मोबाइलवर टिपून प्रत्येक पाड्याच्या ग्रुपवर टाकावं. पुढच्या सभेत पहिला विषय येईल, तेव्हा तेच पान हातात धरून तारखा विचाराव्यात.

वेळ जातो, ही अडचण खरी आहे. बायकांना चूल पेटवायची असते, लांबच्या पाड्याला अंधारात जायचं असतं. म्हणून सभा सकाळी लवकर घ्या, आणि लोकांचे प्रश्न शेवटी न ठेवता अजेंड्यावर दुसऱ्या क्रमांकाला आणा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, हेही विसरू नका. हंड्याचा, रेशनचा, अंगणवाडीचा प्रश्न तिथे आधी निघतो. तिचं प्रोसिडिंग मोठ्या सभेत सर्वांत आधी वाचलं गेलं पाहिजे.

अजेंड्याची नोटीस सात दिवस आधी लागते. म्हणजे २६ जानेवारीच्या सभेची नोटीस १९ तारखेपर्यंत लागेल. त्याआधी कार्यालयाला वेळ मिळावा, म्हणून १० जानेवारीच्या आत अर्ज पोचायला हवा : "त्याच दिवशी इतिवृत्त लिहून, वाचून दाखवून मग सह्या घेणे, हा विषय अजेंड्यावर घ्यावा." साध्या कागदावर, पाच-दहा मतदारांच्या सह्यांनी चालेल. ग्रामपंचायतीत देताना दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या.