जुन्या मोटारीची नवी घडण

अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत हिवाळा सरतां सरतां मोटारींचें एक मोठें प्रदर्शन भरतें. ऑटोरामा हें त्याचें नांव. १९५३ सालीं तें प्रथम भरलें. कारखान्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाड्या पाहावयास तेथें कोणी जात नाहीं. अर्ध्या शतकाहून जुनी गाडी घेऊन ती एखाद्या कारागिरानें पुन्हा घडविली, म्हणजे तिला तेथें मान मिळतो. प्रेक्षकांची रीतहि पाहण्यासारखी असते. रंगाच्या झळाळीपुढें ते क्षणभर थांबतात आणि मग गुडघे टेकून, मान वांकडी करून गाडीच्या पोटाखालीं पाहूं लागतात. मांडणारांनींहि तेथें आरसे ठेविलेले असतात. पत्रा कोठें कापला, कोठें जोडला, सांधा दिसतो कीं नाहीं, हें जाणत्याला पाहावयाचें असतें.

ज्या गाड्यांवर हें काम विशेषेंकरून होतें त्यांना ‘मसल कार’, म्हणजे पिळदार दंडांची मोटार, असें म्हणतात. १९६४ सालची पाँटिअॅक जी. टी. ओ. ही त्या कुळांतील पहिली, असें सामान्यतः मानितात. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें एंजिन घालूं नये, असा जनरल मोटर्स कंपनीचा स्वतःचाच नियम होता. पाँटिअॅक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डी लोरिअन व त्यांचे सहकारी यांनीं त्यांतून पळवाट काढली. नवी गाडी म्हणून नव्हे, तर हौशी गिऱ्हाइकानें मागितल्यास मिळणारें जादा साहित्य म्हणून त्यांनीं ३८९ घनइंचांचें एंजिन विकावयास काढलें. त्याची शक्ति ३२५ अश्वांची. पहिल्याच वर्षीं अशा बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या, आणि मग नियमाची आठवण कोणास राहणार! इतर कंपन्याहि या शर्यतींत उतरल्या. पुढें १९७० सालचा हवाशुद्धीचा कायदा, विम्याचे चढते दर आणि १९७३ सालची तेलाची टंचाई यांनीं हा खेळ आटोपला.

परंतु या गाड्यांचें एक वैगुण्य त्यांच्या भक्तांनाहि कबूल करावें लागतें. दंड पिळदार असले तरी कणा तितका बळकट नव्हता. १९६९ सालची शेवरले कॅमारो घ्या. काटेकोर लोक तिला निराळ्या वर्गांत घालतात, तो वाद येथें नको. तिच्या कांहीं प्रकारांत ३९६ घनइंचांचें, ३७५ अश्वशक्तीचें एंजिन मिळत असे. त्या गाडीचा मागचा भाग म्हणजे दाबून घडविलेल्या पत्र्यांची एक पेटीच आहे. तिला निराळी चौकट नाहीं. पुढच्या भागाला मात्र स्वतंत्र पोलादी चौकट असून ती रबराच्या गाद्या मध्यें घालून बोल्टांनीं त्या पेटीस अडकविली आहे. एंजिनानें जोर केला कीं गाडीला पीळ पडतो, आणि त्याचा ताण नेमका या जोडावर येतो. आज त्या गाडींत मूळच्या दुप्पट शक्तीचें एंजिन बसविणारे लोक आहेत. तेव्हां पहिलें काम असतें तें पुढची चौकट मागच्या पेटीशीं जखडण्याचें. दोहों बाजूंस चौकोनी पोलादी नळ्या तळाखालून नेऊन दोन्ही टोकांस वितळजोड करितात. खर्च थोडा, गुण मोठा. मात्र एक पथ्य आहे. गाडीचा भार चाकांवर असतां, ती समपातळींत उभी करून आणि दारांच्या फटी मोजूनच हा जोड करावयाचा. गाडी मधोमध उचलून धरली असेल तर तिचीं टोकें लोंबतात. त्या स्थितींत नळ्या जोडल्यास तो बांक कायमचा होतो, आणि मग दारें कांहीं केल्या बसत नाहींत.

खरी कसोटी लागते ती मागच्या चाकांपाशीं. मूळ गाडीचीं चाकें १४ किंवा १५ इंच व्यासाचीं, आणि टायर आजच्या मानानें अगदींच अरुंद. शक्ति वाढली कीं असा टायर जागच्या जागीं फिरून धूर काढतो, गाडी पुढें जात नाहीं. म्हणून ३३५ मिलिमीटर, म्हणजे तेरा इंचांहून रुंद टायर घालावयाचा. तो बाहेर डोकावूं द्यावा तर गाडीचें रूप बिघडतें. यास्तव चाकावरील कमानीचा आंतला पत्रा कापून ती पोकळी आंतल्या बाजूस रुंद करितात. ऐकावयास हें सोपें वाटतें. पण पत्रा आंत सरकला कीं डिकीच्या झाकणाच्या बिजागऱ्या आड येतात, त्यांचा आकार बदलावा लागतो. मागच्या बैठकीच्या दोन्ही कडा छाटाव्या लागतात. मूळचे पाट्यांचे स्प्रिंग टायरच्या वाटेंत असतात. ते आंत सरकवावे, किंवा अजीबात काढून चार दांड्या व गुंडाळीचे स्प्रिंग अशी योजना करावी. चाकें आंत आलीं म्हणून मागच्या आंसाची लांबीहि कमी करणें प्राप्त होतें. एक पत्रा कापला आणि पांच कामें उभीं राहिलीं! ज्यानें हीं पांचहि आधीं कागदावर मांडलीं नाहींत, त्याची गाडी गॅरेजच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षें धूळ खात पडते. अशा गाड्या थोड्याथोडक्या नाहींत.

नव्या कमानीचा आकार प्रथम पुठ्ठ्यावर कापून पाहतात. पुठ्ठा चुकला तर दुसरा मिळतो. तो बरोबर बसला म्हणजे पत्र्यावर आंखणी. त्याला फुगवटा देण्यासाठीं वाळूच्या पिशवीवर ठेवून लांकडी मोगरीनें ठोकतात, आणि मग दोन पोलादी चाकांमधून पुन्हा पुन्हा मागें-पुढें नेऊन गुळगुळीत करितात. पुण्याच्या तांबट आळींत ज्यांनीं हंडा घडतांना पाहिला असेल, त्यांना यांतील मर्म सांगावयास नको. धातु ठोकली कीं ताणली जाते. ती किती व कोठें ताणावी, हें हातानें जाणावयाचें. कडा आंखडून घेण्यासाठीं निराळें यंत्र असतें, पण यंत्राला डोळा नसतो.

जोड देतांना शत्रु एकच, तो म्हणजे उष्णता. हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जोडीत गेल्यास तो तापून फुगतो, निवतांना आंखडतो आणि सबंध पृष्ठभाग पापडासारखा वेडावांकडा होतो. म्हणून चांगला कारागीर येथें एक ठिपका, तेथें एक ठिपका देत जातो आणि मध्यें पत्रा निवूं देतो. मग खालून लोखंडी ठोकळा धरून वरून हातोड्याचे हलके घाव घालतो, म्हणजे आंखडलेला सांधा पुन्हा ताणला जातो. अडाण्याला हा सारा खटाटोप व्यर्थ वाटतो. तो वेडावांकडा झालेला पत्रा लुकणाच्या थराखालीं दडपून वर सुंदर रंग चढवितो. दोनचार वर्षांत त्या लुकणास तडे जातात आणि खालून गंज वर येतो.

आधुनिक एंजिन व सहा गतींचा गिअरबॉक्स बसवितांना तळाचा उंचवटा कापून वाढवावा लागतो, कारण नवी पेटी जुनीहून मोठी असते. येथें कोनाकडे लक्ष हवें. गिअरबॉक्सचा दांडा आणि मागच्या आंसाचा दांडा यांचे कोन जुळले नाहींत, तर विशिष्ट वेगास सबंध गाडी थरथरूं लागते, आणि मालक बिचारा चाकें तपाशीत बसतो. एंजिन व बैठकीचा भाग यांच्यामधील भिंत गुळगुळीत करण्याची हल्लीं फार हौस आहे. या कॅमारोंत त्या भिंतीवर, हीटरच्या पेटीआड, गाडीच्या क्रमांकाचे कांहीं आंकडे ठोकलेले असतात. ग्राइंडर चालविणारास ते ठाऊक नसले, तर गाडीच्या अस्सलपणाचा पुरावा एका मिनिटांत ठिणग्यांबरोबर उडून जातो.

यावरूनच या छंदांतले दोन पंथ एकमेकांशीं भांडतात. एक म्हणतो, कारखान्यांतून आली तशीच गाडी ठेवावी. दुसरा म्हणतो, गाडी चालविण्यासाठीं आहे. दोघांचेंहि थोडें खरें आहे, पण निवाडा गाडीगणिक निराळा व्हावा. १९६९ सालीं कॅमारो सुमारे २,४३,००० निघाल्या. पण त्यांत संपूर्ण अॅल्युमिनिअमच्या ४२७ घनइंची एंजिनाच्या झेड. एल. वन या प्रकारच्या अवघ्या ६९. त्यांपैकीं एकीलाहि करवत लावणें हें पोथीच्या पानांत शेंगदाणे बांधून देण्यासारखें होय. उलट, साध्या एंजिनाची, गंजून चाळण झालेली गाडी असेल, तर ती कापून तिला नवा जन्म देण्यांत पाप कसलें? शिवाय जनरल मोटर्सच्या परवान्यानें १९६९ सालच्या कॅमारोची सबंध नवी बॉडीच आतां विकत मिळते. जिला कापावयाचें ती नवीच असली, तर जुनी वांचते.

एका बाबतींत मात्र दोन्ही पंथांनीं जपून असावें. शर्यतींत जुन्या गाडीनें पाव मैल दहा सेकंदांच्या आंत कापला, तर आंत नळ्यांचा पूर्ण पिंजरा असावा लागतो, आणि तो योग्यच आहे. पण तोच पिंजरा शोभेसाठीं रस्त्यावरच्या गाडींत बसविणारे पुष्कळ. शर्यतींत चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असतें. बाजारांत जाणाऱ्याच्या डोक्यावर नसतें. किरकोळ टकरींतहि उघडी पोलादी नळी जवळच्या मस्तकावर आदळते. तिच्यावर जाड गादी नसेल, तर पिंजरा नसलेलाच बरा.

काम पुरें झालें म्हणजे कांहीं कारागीर रंग देण्यापूर्वीं एक परीक्षा घेतात. पुढच्या एका चाकाखालीं जॅक लावून गाडीचा तो कोपरा वर उचलतात आणि दार उघडून पुन्हा लावतात. काम सुरू करण्यापूर्वीं तसें केलें असतां दार चौकटीला घांसत असे. आतां तें बोटाच्या धक्क्यानें मिटतें, आणि वरची फट मोजली तर जॅक लावण्यापूर्वीं होती तेवढीच भरते.