शाळेचे उपाहारगृह कोणाच्या पैशाने?



या व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात पाया घातलेल्या या प्रथेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकावे, अशी माझी समजूत. माझे शाळेतले शिक्षण आठवीत संपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटावर आणि रद्दीच्या दुकानावर. पण चालकांनी विषय सांगितला आणि मी कबूल झालो. एका शाळेचे जुने उपाहारगृह पाडून नवे बांधायचे आहे, त्यासाठी पैसा कसा उभा करावा, हा तो विषय. वर्गणी गोळा करणे हा एकच धंदा मला नीट येतो. तीस वर्षे मी पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर पावतीपुस्तक घेऊन उभा राहिलो आहे.

आणखीही एक कारण आहे. त्या उपाहारगृहाचे मी पैसे देणे लागतो.

आमचे घर डोंगरीला. वडील भाईंदरच्या मिठागरात कामाला. शाळा भाईंदरला, त्यामुळे सकाळी घर सोडावे लागे आणि भाकरी नेली तरी ती मधल्या सुट्टीपर्यंत टिकत नसे. म्हणजे नासत नसे, आम्हीच ती वाटेत संपवीत असू. शाळेच्या मागे मंगलोरी कौलांची एक पडवी होती. एका बाजूला चुलाण, त्यावर काळे पडलेले पातेले, समोर दोन लांब बाके. तिथे एक मावशी उसळ-पाव देत. पैसे असले तर डब्यात टाकायचे, नसले तर वहीत नाव. जून महिना आला की वहीची पाने भराभर भरत. पावसात मिठागरे बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, शेतावर नुसता खर्च. आणि शाळा नेमकी तेव्हाच उघडते, पुस्तके-वह्या तेव्हाच घ्यायच्या. 1983 साली वडील आजारी पडले आणि मी शाळा सोडली, तेव्हा वहीत माझ्या नावावर 18 रुपये होते. मावशींनी ते कधी मागितले नाहीत. पुढे बाजारात भेटत, तब्येत विचारीत. पैशांचा शब्द नाही. आता त्या हयात नाहीत.

ती पडवी आता पडायला आली आहे. वासे कुजले आहेत, कौले सरकली आहेत, पावसात पातेल्यावर छत्री धरावी लागते. मला ती पडवी प्रिय आहे, पण ती वाचवा असे मी म्हणणार नाही. ज्या छपराखाली मुले बसतात त्याच्यावर प्रेम करण्यापेक्षा ते बदललेले बरे. प्रश्न पैशाचा. शाळा अनुदानित आहे, पण वेतनेतर अनुदानाच्या भरवशावर कोणाची इमारत उभी राहिलेली मी पाहिलेली नाही. अशा वेळी एक गृहस्थ पुढे आले आहेत. ते स्वखर्चाने नवे उपाहारगृह बांधून देतात. त्या बदल्यात पंधरा वर्षे ते त्यांनी चालवायचे, दर त्यांनी ठरवायचे. संचालकांपैकी काहींना हे पसंत आहे. मी त्यांना दोष देत नाही. छप्पर उद्या पडले तर जबाबदारी त्यांच्यावर येईल. इथे बसून टाळ्या देणाऱ्यांवर नाही.

तरीही माझा विरोध आहे, आणि तो कशासाठी ते सांगतो.

मी भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या खात्यात कामाला लागलो. गाळा लहान, माणसे वीस-पंचवीस. 1948 च्या कारखाने अधिनियमात 46 वे कलम होते. ज्या कारखान्यात 250 हून अधिक कामगार असतील तिथे मालकाने उपाहारगृह चालवावे, असा नियम करण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारांना दिला. आमच्या गाळ्यापर्यंत तो कायदा येऊन पोहोचणार नव्हता. दिवसाला शेकडो ताटे आरशासारखी चकचकीत करणारी माणसे दुपारी वर्तमानपत्रावर भाकरी ठेवून जेवत. पुढे युनियनच्या कामाला लागल्यावर मी मोठे कारखाने पाहिले, आणि त्या कलमाची खरी ताकद तिथे कळली. ती भिंती-छपरात नव्हती. अन्न कोणते द्यावे, दर काय असावा याचेही नियम करा आणि व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी घ्या, असे ते कलम सांगत होते. चहा पाच पैशांनी वाढवायचा तरी समितीपुढे यावे लागे. आम्ही त्या पाच पैशांवर दोन-दोन तास भांडलो आहोत. बाहेरच्यांना ते हास्यास्पद वाटे. 2020 च्या संहितेने ती संख्या 250 वरून 100 वर आणली, हे चांगले झाले.

शाळेच्या मुलाला अशी समिती कुठे आहे? केंद्र सरकारची दुपारच्या आहाराची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला, आणि पोत्यातल्या तांदळाची खिचडी झाली. मद्रासमध्ये कामराजांनी हे 1956 सालीच करून दाखवले होते. इंग्लंडने तर 1906 साली कायदा केला. पण आपल्याकडची ही योजना सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत. नववीचा मुलगा त्याच दारातून आत येतो, त्याला भूक तीच लागते, किंबहुना अधिक लागते. पण ताट त्याच्यासाठी नाही. त्याचा आधार ती पडवी. तिथे वडा दहाला मिळतो की तीसला, यावर तो मधल्या सुट्टीत कुठे उभा राहील ते ठरते. दर ठेकेदाराच्या हाती गेले म्हणजे वही बंद. करारात वहीचे कलम कोणी घालत नसते.

तुम्ही विचाराल, मग लाखो रुपये आणायचे कोठून? मी साताऱ्याकडे बोट दाखवीन. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली ती साताऱ्याला आणली आणि तिथे वसतिगृह सुरू केले. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. त्या काळात पुण्यासारख्या ठिकाणी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. जेवण मिळे, पण ज्याच्या त्याच्या जातीच्या उंबरठ्यापर्यंतच, आणि घरधनी पाहुणचार विसरू देईल याची खात्री नाही. भाऊरावांनी सगळ्या जातींची मुले एका चुलीवर आणली. ती चूल चालवली लक्ष्मीबाईंनी. पैसा संपला तेव्हा त्यांनी दागिने विकले, अखेर मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या गेल्या. हे आपण शाळेत शिकतो, भाषणात सांगतो, डोळे पुसतो. पण मला त्याहून अधिक मोलाची वाटते ती मुष्टिफंडाची रीत. घरातली बाई दळणा-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढी आणि ते वसतिगृहाला जाई. मंगळसूत्र एकदाच विकता येते. मूठ रोज काढता येते, आणि जिने मूठ काढली ती पोर नीट जेवते की नाही हे विचारायला मोकळी असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, ठेच लागून शिकलो. एका संपात आम्ही कामगारांसाठी सामुदायिक स्वयंपाकघर उघडले. घरोघर फिरून तांदूळ गोळा करायचा आम्हाला कंटाळा आला होता. एका व्यापाऱ्याने पोतीच्या पोती तांदूळ पाठवला. मी स्वतः त्याच्या गळ्यात हार घातला. पंधराव्या दिवशी तोच गृहस्थ मालकाचा निरोप घेऊन आला आणि आमच्याच पातेल्याशेजारी खुर्ची टाकून बसला. त्याला ऊठ म्हणायची माझी जीभ रेटली नाही, कारण पातेल्यात तांदूळ त्याचा होता. संप मोडला त्याला इतरही कारणे होती. पण त्या खुर्चीची आठवण मला अजून टोचते.

तेव्हा आता हिशेबाकडे येऊ. समजा, या टापूतल्या 1500 घरांनी महिन्याला 20 रुपये दिले. वर्षाचे 3,60,000 होतात. दोन वर्षांत पडवीच्या जागी पक्के छप्पर, धुराचे नळकांडे, नळ आणि धुण्याचा ओटा एवढे उभे राहू शकते. संगमरवर नको. मोठ्या देणग्या घेऊच नयेत असे नाही, पण देणगीदाराच्या पाटीबरोबर अट येणार असेल तर पाटी आणि पैसे दोन्ही परत. आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कायद्याप्रमाणे जी परवानगी लागेल ती घ्यावी. संस्था नोंदलेली असेल तर पावती तिच्याच नावाची हवी. बांधकामाचा पैसा वेगळ्या खात्यात, वहीच्या उधारीचा पैसा वेगळ्या डब्यात. दोन्ही एकत्र केले की पहिल्या वर्षी सिमेंट उधारी खाते आणि दुसऱ्या वर्षी उधारी सिमेंट. जमा आणि खर्च शाळेच्या फळ्यावर दर महिन्याला खडूने लिहावा. छापील अहवाल कोणी वाचत नाही. फळ्यावरची चूक पाचवीतले पोरही दाखवते.

आणि वर्गणी मागायची ती देणाऱ्याचा हात ओला असताना. नोकरदाराकडे पगार झाल्यावर, दहा तारखेच्या आत. शेतकऱ्याकडे भात झोडून झाल्यावर. उत्तन, पाली, चौकच्या नाखवांकडे जूनमध्ये गेलात तर तुमच्यासारखे निर्दय कोणी नाही. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी कायद्यानेच बंद असते. तिथे नारळी पौर्णिमेनंतर जावे. ज्याने एखादा महिना चुकवला त्याचे नाव फळ्यावर लिहू नये. युनियनमध्ये आम्ही एकदा थकबाकीदारांची यादी लावली होती. वर्गणी तर आली नाहीच, माणसेही गेली.

चालवायचे कोणी, हाही प्रश्न आहे. मुंबईच्या गिरणगावात खाणावळवाल्या बायांनी 1973-74 च्या संपात कामगारांना उधारीवर जेवू घातले आणि स्वतः सावकाराच्या व्याजात रुतल्या. प्रेमा पुरव, मुळात कामगार चळवळीतल्याच, यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बाईला अंगठा लावू न देता सही करायला लावणाऱ्या त्या कार्यकर्त्या मला आमच्या धंद्यातल्या थोर वाटतात. आपल्याही गावात हाताला चव असलेल्या बाया आहेत. पाच-सहा जणींचा गट करून त्यांना हे काम द्यावे, आणि वर एक समिती: दोन पालक, दोन शिक्षक, स्वयंपाक करणारी एक, आणि नववी-दहावीतली दोन मुले. मुलांना समितीत घ्या म्हटल्यावर परवा एका सभेत लोक हसले. कामगारांना घ्या म्हटल्यावरही पूर्वी लोक असेच हसत.

संचालकांची बैठक येत्या रविवारी आहे. त्या गृहस्थांच्या कराराला तिथे होकार मिळाला तर माझे हे सारे बोलणे हवेत गेले असे समजा. म्हणून तुमच्यापैकी ज्यांची मुले किंवा नातवंडे त्या शाळेत आहेत त्यांनी तिथे यावे, आणि दर कोण ठरवणार एवढे एकच विचारावे. एखादा सुतार सभेत असेल तर त्याने थांबावे; कौले उतरवायच्या आधी चांगली किती निघतील ते मोजायचे आहे, निदान अर्धी तरी पुन्हा चढवता येतील असा माझा अंदाज आहे. माझे 18 रुपये मी उधारीच्या डब्यासाठी आणले आहेत. व्याज किती धरायचे ते खजिनदारांनी ठरवावे.