वर्गणी मागणाऱ्यांचा वर्ग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "माझे शिक्षण सातवी. माझ्याकडून भाषण कसले होणार?" त्या म्हणाल्या, "तुम्ही वर्गणीच्या बायकांचा वर्ग घेतलात ना, तेवढेच सांगा." तेव्हा तेवढेच सांगते. कागदावर लिहिले ते मुलीने तपासून दिले आहे.

आपल्या बालवाडीचे पत्रे गळू लागले, तेव्हा घरोघर जाऊन पैसे जमवायचे ठरले. अठरा जणींनी नावे दिली. त्यांना तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, ते एवढ्यासाठीच की इचलकरंजीत सून म्हणून आले तेव्हापासून मी हळदीकुंकवाची, गणपतीची वर्गणी मागत आले आहे.

पहिल्या दिवशी मी मोठी तयारी करून गेले. पार्वतीबाई आठवल्यांची हकीकत वाचून काढली होती. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. पार्वतीबाई त्यांच्या मेव्हणी, स्वतः विधवा. आश्रमासाठी पैसे जमवीत त्या गावोगाव हिंडल्या, पुढे इंग्रजी फारसे येत नसताना अमेरिकेलाही गेल्या. हे सर्व मी सांगितले. कर्व्यांनी खेड्यांतल्या शाळांसाठी १९३६ साली मंडळ काढले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर होते, आणि त्या वयात ते पुण्यात दारोदार पायी फिरून लहान लहान वर्गण्या गोळा करीत, हेही सांगितले. चांगला तासभर बोलले. शेवटी विचारले, "काही शंका?" कोणी बोलेना. एक जण म्हणाली, "काकू, फार छान सांगितलेत."

दुसऱ्या दिवशी चौघी बाहेर पडल्या. तिघी रिकाम्या हाताने आल्या. चौथीने तर दाराची बेलच वाजवली नाही, जिन्यातूनच परतली. छान म्हणणारी तीच!

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्याच मुलीला पोळ्या शिकवल्या तेव्हा मी पोळीवर भाषण केले होते का? लाटणे तिच्या हातात दिले आणि गप्प उभी राहिले. फार तर म्हटले असेल, कडा जाड राहिल्या बघ.

पुढच्या वेळी टेबल-खुर्ची काढून टाकली, सतरंजी घातली आणि गोल बसलो. प्रत्येकीने एक दार सांगायचे, जिथे आपल्याला वाईट वाटले ते. सांगता सांगता एक जण म्हणाली, "पण मीही परवा एकीला दारातनंच घालवली." मग काय, एकेक जण कबूल करू लागली. कोणी आंघोळीचे निमित्त केले होते, कोणी मालक घरी नाहीत म्हणाली होती, आणि मालक आत पेपर वाचत होते! हसून हसून पुरेवाट झाली, पण नाही म्हणणारी बाई काही आपल्याला हिणवत नसते, हे मी न सांगताच सगळ्यांना कळले.

नंतर तिघीतिघींचे गट केले. एक दाराबाहेर, एक दारात, आणि तिसरी नुसती पाहणारी. तिसरीने आपण काय पाहिले तेवढेच सांगायचे, कसे करायला हवे होते ते नाही. हा नियम पाळणे सर्वांत अवघड गेले, मलाही. पण त्यातूनच खरी गोष्ट बाहेर आली. एका पाहणारीने सांगितले, "हिने पैसे मागितले आणि समोरची तोंड उघडायच्या आतच 'नसतील तर राहू द्या' म्हणाली." पाहतो तर निम्म्या जणींची हीच खोड! मग ठरवले, मागून झाले की मनात पाच आकडे मोजायचे आणि गप्प राहायचे. करून पाहा भगिनींनो, पाच आकडे किती लांब असतात ते. "काहीही द्या" म्हणणेही आम्ही सोडले. एका पत्र्याचा भाव पाठ केला आणि त्यात किती वाटा उचलाल, असे विचारायला शिकलो.

पावतीपुस्तकाचेही तसेच. मी मुद्दाम चुका करून पाच पावत्या लिहून नेल्या होत्या. अंकी एक, अक्षरी दुसरे. कुठे तारीख नाही, कुठे स्थळप्रत कोरी. त्या शोधायला दिल्या. फोनवरून आलेल्या पैशांचीही पावती फाडायची, हे तिथेच ठरले. एकीने विचारले, दुकानदार करसवलत मागतात, त्याचे काय? मला उत्तर येईना. पण आमच्यातल्याच एकीचे यजमान हिशेबतपासनिसांकडे कामाला आहेत. ती म्हणाली, संस्थेला तशी मान्यता असेल तरच सवलत मिळते, आणि एप्रिल २०१७ पासून दोन हजारांवरची देणगी रोख घेतली तर सवलत नाहीच. शिकवणारीला येत नाही म्हणून वर्ग अडत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

आता खरे सांगायचे ते. वर्गात स्वयंपाकाची कामे करणाऱ्या एक मावशी होत्या. दोन दिवस त्या काही बोलल्या नव्हत्या. दाराची गोष्ट सांगायची त्यांची पाळी आली, तशा माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "वहिनी, गेल्या साली गणपतीत तुम्ही आमच्या चाळीत आलासा. मी वीस रुपये हातात धरून उभी हुते. तुम्ही म्हणालासा, असू द्या मावशी, तुमच्याकडनं कशाला. आणि पुढं गेलासा."

मला आठवतही नव्हते. दया केली असेच मला वाटले असणार. कर्व्यांच्या लहान वर्गण्यांची गोष्ट मीच तासभर रंगवून सांगितली होती ना! वर्ग घेणारी मी, मला मान वर करता येईना. पाच काय, दहा आकडे मोजून झाले असतील. मग मी म्हटले, "मावशी, माझे चुकले. आपण त्या चाळीत पुन्हा कधी जायचे?"

रस्त्यांची यादी काढून पाहिली, तर सायझिंगच्या मागची ती चाळ कोणाच्याच वाट्याला दिलेली नव्हती. यादी मीच केलेली.

आठवड्याचा पगार झाल्यावर आम्ही संध्याकाळी गेलो. मावशी पुढे, मी पावतीपुस्तक घेऊन मागे. प्रत्येक दारात त्याच बोलत होत्या, "आपलीच पोरं बसतात तिथं," एवढेच. आणि मग गप्प उभ्या राहत. मला पावत्या फाडण्याखेरीज काम नव्हते. एका खोलीतल्या म्हातारीने दहा रुपये दिले. मी घाईत नुसते 'आजी' असे लिहू लागले, तर मावशींनी माझा हात धरला आणि त्यांचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव, सगळे पुरते लिहायला लावले.